शिष्यवृत्तीला कोगनोळीचा नाका कशाला?

‘ज्या राज्यात राहता त्या राज्याकडे मागा.’ सीमाभागातल्या कॉलेजच्या मुलामुलींना महाराष्ट्राने शिष्यवृत्ती द्यावी, असा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या जाणत्या मंडळींकडून हे उत्तर हमखास येते. वरवर पाहता त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीची माणसे मतदान कर्नाटकात करतात, रेशन कर्नाटकाचे खातात, घरपट्टी तिथल्याच पालिकेत भरतात. मग त्यांच्या पोरांच्या फीचा भार मुंबईच्या तिजोरीवर कशाला? तिकडे बंगळूरला विचारावे तर ते म्हणतात, आमच्या हद्दीत दुसऱ्या सरकारने पैसे वाटणे ही सरळसरळ घुसखोरी आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष या एका मुद्द्यावर मात्र एकमुखाने बोलतात: पैसा दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर थांबला पाहिजे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. मदत विद्यार्थ्याच्या गावाशी बांधावी, त्याच्या कॉलेजच्या राज्याशी नव्हे. आणि महाराष्ट्राने ती बेळगाव-निपाणीतच राहून शिकणाऱ्यांनाही द्यावी.

पहिल्या आक्षेपाला उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही, कारण महाराष्ट्र सरकारने स्वतःच ते देऊन ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीची कोणतीही जाहिरात काढून पाहा. रहिवासाच्या अटीपाशी एक नेहमीची ओळ असते: महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला असेल, तर तो उमेदवारही पात्र. ही सोय १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाने झाली. अभियांत्रिकीच्या प्रवेश नियमांत ‘टाइप ई’ नावाचा उमेदवारांचा वेगळा प्रकारच आहे. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी. २७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर अधिवेशनात विधिमंडळाने ही ८६५ गावे महाराष्ट्रात आणण्याचा ठराव एकमताने केला आणि पुढच्याच वर्षी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्या गावांना लागू झाली. म्हणजे नोकरी मागायला आलेला निपाणीकर आपला, इंजिनिअरिंगला आलेला बेळगावकर आपला, आजारी पडलेला खानापूरकरही आपला. आपल्याच गावात राहून बी.ए., बी.कॉम. करणारा तेवढा परका! ही विसंगती कुणी जाणूनबुजून केली असे मला वाटत नाही. तिन्ही निर्णय तीन खात्यांनी तीन वेळा घेतले. शिष्यवृत्तीच्या खात्यापर्यंत विषय पोचलाच नाही, एवढेच.

तो पोचला नाही म्हणून काय होते, ते निपाणीत दिसते. निपाणीला लागून अर्जुननगर आहे आणि तिथे जनता शिक्षण मंडळाचे देवचंद कॉलेज आहे. कॉलेजचा पत्ता मोठा बोलका आहे: तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, पिनकोड मात्र ५९१२३७, म्हणजे निपाणीचा. टपालखात्याने हद्द कधीच मनावर घेतली नाही. कॉलेज शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे, महाराष्ट्राच्या उच्च शिक्षण खात्याच्या कक्षेत आहे, आणि त्याच्या वर्गांत निपाणीची मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. निपाणी गावातच केएलई संस्थेचे जी. आय. बागेवाडी कॉलेज आहे. ते २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. आता एकाच गल्लीतल्या दोन बहिणी डोळ्यांपुढे आणा. थोरली अर्जुननगरला जाते, धाकटी बागेवाडीत. घर एक, बापाचे उत्पन्न एक, रेशनकार्ड एक. थोरलीच्या प्राध्यापकांच्या पगाराला महाराष्ट्राच्या तिजोरीचा हात लागतो, आणि शुल्कसवलतीसाठी निदान अर्ज करून भांडायची तरी तिला सोय आहे. धाकटीच्या बाबतीत महाराष्ट्राचे काही म्हणणेच नाही. या दोघींत फरक करणारे तत्त्व कोणते? गरज नव्हे, गुणवत्ता नव्हे, भाषा नव्हे, गाव तर नव्हेच.

याहून वाईट परिणाम धोरणाच्या दिशेचा आहे. आज सीमाभागातल्या मुलाला महाराष्ट्राकडून जे काही मिळते, ते गाव सोडल्यावर मिळते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या, किंवा ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत दिलेली शंभर टक्के शुल्कमाफी घ्या. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी ती आहे. दोन्हींचा पाया महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात झालेला प्रवेश हाच. ‘टाइप ई’मधून आत आलेल्या बेळगावच्या मुलीला हा लाभ विनातक्रार मिळतो असे घटकाभर धरून चालू. तरी त्याचा अर्थ काय झाला? बेळगावातल्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलीस तर तू आमची कुणी नाहीस; कोल्हापूर-सांगलीला खोली घेऊन राहिलीस तर आमची. सीमाभागातली मराठी टिकली पाहिजे म्हणून ज्या विधिमंडळात भाषणे होतात, त्याच विधिमंडळाच्या योजना तिथल्या शिकत्या पिढीला तिथून निघून जायचे भाडे देतात. ज्यांना खोलीभाडे आणि मेसचा खर्च झेपतो ते जातात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावातून बेळगावला येतानाच ज्यांची दमछाक होते, ते मागे राहतात. खरी गरज त्यांची, आणि योजना त्यांच्या वाटेलाच जात नाही.

कायद्याचा अडसर दाखवणारे लोक इथे पुढे येतात. एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या हद्दीत खर्च करायचाच नाही, असा त्यांचा पक्का समज असतो. संविधानाचा अनुच्छेद २८२ काय म्हणतो ते पाहावे. कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी संघराज्याला किंवा राज्याला अनुदान देता येते, मग तो विषय त्या विधानमंडळाच्या कायदे करण्याच्या कक्षेत असो वा नसो. शिक्षण हे सार्वजनिक प्रयोजन नाही, असे म्हणायची कुणाची छाती होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा दाखला उलट बाजूनेही दिला जातो: १९५५ च्या डी. पी. जोशी खटल्यात मध्य भारत सरकारने आपल्या रहिवाशांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्कात दिलेली सूट न्यायालयाने योग्य ठरवली होती. बरोबर. पण तो निकाल एवढेच सांगतो की राज्याने आपल्या रहिवाशांना झुकते माप दिले तर ते घटनाबाह्य नाही. रहिवाशांखेरीज कुणाला देऊच नये, असा दंडक त्यात कुठे आहे? पुढे १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात याच न्यायालयाने स्पष्ट केले की संविधानाला एकच अधिवास माहीत आहे, तो भारताचा. राज्याचा अधिवास ही बोलीतली सोय आहे. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले रहिवासी आरक्षण रद्द करताना तेच पुन्हा सांगितले गेले. रस्ता मोकळा आहे. चालायचे की नाही हा मंत्रालयाचा प्रश्न.

शिवाय मदत विद्यार्थ्यामागे हद्द ओलांडून जाते ही कल्पना या देशात नवी नाही. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, आणि तिचा नियम असा की विद्यार्थी मूळचा ज्या राज्याचा, त्या राज्याने ती द्यायची. तो शिकायला कुठल्या राज्यात गेला हे पाहायचे नाही. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींमुळे ओळखीची झालेली दुसरी योजना विडी कामगारांच्या मुलांसाठी आहे. केंद्रीय श्रम मंत्रालय पदवीला वर्षाला ६,००० आणि इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला २५,००० रुपये देते. आईकडे विडी कामगाराचे ओळखपत्र आहे की नाही एवढे विचारते, कॉलेज कागल तालुक्यात की चिक्कोडीत, असे नाही. मागे गेलो तर उदाहरणे आणखी ठळक होतात. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर; सयाजीरावांनी नोकरीचा करार करून घेतला, पण रत्नागिरीकडच्या घराण्यातल्या मुलाला बडोद्याचा रहिवासी दाखला मागितला नाही. शाहू महाराजांची मदत कोल्हापूर संस्थानाबाहेर नाशिकच्या मराठा वसतिगृहापर्यंत गेली. त्या दोघांच्या राज्यांना खऱ्याखुऱ्या हद्दी होत्या, जकातनाके होते. आज ज्या शाहूंच्या नावाने शुल्क शिष्यवृत्ती चालते, तिची अंमलबजावणी मात्र शाहूंपेक्षा जास्त संस्थानी आहे. परदेशातच पाहायचे तर अमेरिकेतली मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही शेजारची राज्ये पन्नासहून अधिक वर्षे एकमेकांच्या विद्यार्थ्यांना परराज्याची चढी फी लावत नाहीत. त्यांच्यात सीमावाद नाही हे खरे, पण म्हणूनच वाद असलेल्या ठिकाणी अशा सोयीची गरज जास्त आहे.

‘कर्नाटक मराठी मुलांना काहीच देत नाही’ हा आपल्याकडचा कांगावा मात्र सोडून द्यावा, कारण तो खोटा आहे आणि त्याने आपलीच बाजू लंगडी होते. मागासवर्ग कल्याण खात्याच्या ‘विद्यासिरी’तून वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला जेवण-राहण्यासाठी दरमहा १,५०० रुपये, वर्षाचे दहा महिने मिळतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘रैत विद्यानिधी’तून शेतकऱ्यांच्या मुलांना पीयूसीला २,५००, साध्या पदवीला ५,०००, इंजिनिअरिंग-मेडिकलला १०,००० रुपये वर्षाला, आणि मुलींना त्याहून थोडे अधिक. कर्नाटकाच्या यादीत मराठा ‘३ ब’ प्रवर्गात आहेत. बेळगावच्या कित्येक मराठी घरांत हे पैसे येतात आणि यावेतच. ते त्यांच्या हक्काचे आहेत. अडचण आहे ती वाटेत. राज्य शिष्यवृत्ती पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत चालते. नाडकचेरी या महसूल कार्यालयातून निघालेल्या जात-उत्पन्नाच्या दाखल्यावरचा ‘आरडी’ नंबर तिथे टाकायचा. दाखल्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी स्पेलिंग एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, आणि वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे, कुठे नाही. नावे जुळली नाहीत की अर्ज तिथेच अडकला. मग सायबर कॅफेवाला, मग पुन्हा नाडकचेरी. शेतकऱ्याच्या नावावर कर्नाटकाच्या ‘फ्रूट्स’ या शेतकरी पोर्टलवर नोंदणी नसेल तर विद्यानिधीचे दार बंद. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक १८ टक्क्यांच्या वर होते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी त्यांच्या भाषेत माहिती देण्याचा देशभर मानला गेलेला निकष १५ टक्क्यांचा. एक मराठी माहितीपत्रक आणि पोर्टलवर एक मराठी पान एवढे कर्नाटकाने केले, तर त्यात काही त्याचे सार्वभौमत्व जात नाही.

इथून पुढचा आक्षेप ओघाने येतो: दोन्हीकडून घेतील, दुहेरी लाभ होईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही कामाचे हवे. दोन सरकारांचे पैसे एकाच खर्चावर पडू नयेत, एवढाच मुद्दा आहे ना? मग खर्च वाटून घ्या. फी आणि विद्यासिरीसारखा निर्वाह भत्ता कर्नाटकाचा. महाराष्ट्राने प्रवास, पुस्तके आणि खोलीभाड्यातली उरलेली तूट उचलावी. प्रवासाचेच बघा. ‘शक्ती’ योजनेत निपाणीची मुलगी कर्नाटकाच्या बसने बेळगावला फुकट जाते, पण ती सोय राज्यांतर्गत प्रवासाची. उलट दिशेला जेमतेम ४० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जायचे तर महाराष्ट्राच्या एसटीची महिलांसाठीची निम्म्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. दोन सरकारांनी महिलांना सवलती दिल्या, आणि दोन्ही सवलती एकाच नाक्यापाशी येऊन संपतात. तिथे दुहेरी लाभाची काळजी करणाऱ्यांनी आधी ही दुहेरी वजाबाकी पाहावी. विद्यार्थ्याने दुसरीकडून काय मिळते याचे स्वयंघोषणापत्र द्यायचे. खाते आधारशी जोडलेले असल्यामुळे पडताळणी अवघड नाही.

‘आपल्याच पोरांना महाडीबीटी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, तुम्ही सीमाभागाचे काय घेऊन बसलात?’ या प्रश्नात मात्र खरी कळ आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला की कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवून धरते, हे मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या मुलांना नव्याने सांगायला नको. पण हप्ता उशिरा येतो तो यादी लांब असल्यामुळे येत नाही. तरतूद अपुरी, पडताळणी दोन-तीन पातळ्यांवर अडलेली, आणि वर्षअखेरीस पैसे सोडायची सवय. त्याने तो उशिरा येतो. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावे आहेत, दावा ८६५ गावांचा आहे. त्यात बेळगाव, निपाणी, कारवारसारखी शहरे आहेत हे धरूनही, यातल्या कॉलेजात जाणाऱ्या गरजू मुलांचा आकडा राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पसाऱ्यात उठून दिसेल इतका मोठा असू शकत नाही. रांग मोडकी आहे, ती दुरुस्त करा. रांगेतल्या शेवटच्या माणसाला हाकलून ती सरळ होत नसते.

सीमाभागातूनही एक विरोध ऐकू येतो, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो. कर्नाटकातल्या कॉलेजात शिकणाऱ्याला महाराष्ट्राने पैसे दिले म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने लादलेली वस्तुस्थिती महाराष्ट्राने मान्य केली, असा तो युक्तिवाद. सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा असल्या गोष्टींवर ठरत नाही. तो २००४ साली दाखल झाला. त्या वर्षी जन्मलेले मूल एव्हाना पदवी घेऊन बसले आहे, आणि दावा अजून चालूच आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या निकषांवर महाराष्ट्र भांडतो आहे. सीमाप्रश्नावर नेमलेल्या, महाराष्ट्राने फेटाळलेल्या महाजन आयोगानेसुद्धा १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली होती, तेव्हा निपाणीची मुले कोणत्या विद्यापीठात जातात हे कुणी मोजले नव्हते. उलट गावात कुणी शिकलेला तरुण उरलाच नाही, तर लोकेच्छा सांगायला राहणार कोण?

खेडे हा घटक मानायचा तर आणखी एक गोष्ट मानावी लागेल, आणि ती महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांना रुचणार नाही. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मागणे बंद केले पाहिजे. ‘टाइप ई’मध्ये ती अट आहे; शिष्यवृत्तीत ती नको. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे, त्या गावांतल्या निवडक घरांवर नाही. निपाणीतल्या उर्दू बोलणाऱ्या विणकराची मुलगी, खानापूर तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा ही त्या दाव्याच्या आत आहेत की बाहेर? आत असतील तर मदतीतही आत हवीत. बाहेर असतील तर मग आपण गावे मागत नाही, घरे मागतो आहोत, आणि तसा दावा जगातल्या कुठल्याही न्यायालयात उभा राहायचा नाही. व्यवहाराच्या अंगानेही हे शहाणपणाचे आहे. कन्नड घरात महाराष्ट्राची शिष्यवृत्ती गेली की ‘मराठीवाद्यांना पोसायला पैसे आले’ हा आरोप करणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकते. २०२३ मध्ये आरोग्य योजनेवरून तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जो विरोध केला, त्याला धार होती ती ‘एका भाषेच्या लोकांसाठी दुसऱ्या राज्याची योजना’ या चित्राची.

कर्नाटकाची धास्ती कमी करायचा दुसरा उपाय म्हणजे पैसा संस्थेला न देता थेट विद्यार्थ्याला देणे. मंडळे, संस्था, कार्यालये यांना अनुदान दिले की फलक लागतात, उद्घाटने होतात, मंत्री येतात, पोलीस त्यांना हद्दीवर अडवतात, आणि दोन्हीकडच्या वाहिन्यांना आठवडाभराचा मसाला मिळतो. बँक खात्यात जमा होणाऱ्या रकमेला फलक लागत नाही. राजकारण्यांना हे फारसे आवडणार नाही, हे उघड आहे. यासाठी नवा कायदा नको, नवे महामंडळ नको. ८६५ गावांची यादी सामान्य प्रशासन विभागाकडे आहे, वास्तव्याच्या दाखल्याचा नमुना २००८ पासून तयार आहे, कॉलेजचे बोनाफाईड राणी चन्नम्मा विद्यापीठाचे असले तरी त्यावर शिक्का आणि नोंदणी क्रमांक असतोच. महाडीबीटीवर ‘महाविद्यालयाचे राज्य’ या रकान्यात ८६५ गावांतल्या अर्जदारापुरता कर्नाटकाचा पर्याय उघडायचा आहे, आणि त्यासाठी उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा एक शासन निर्णय लागतो. तो पुढच्या जूनच्या प्रवेशांआधी निघू शकतो.